मुखपृष्ठ बरे आहे

मी परीक्षक आहे. म्हणजे पेपरांचा नव्हे. पेपर मी पगार घेऊन तपासले आणि त्यात फारसे कुणाचे नुकसान केले नाही. मी पुस्तकांचा परीक्षक. हे काम मी फुकट केले, आणि फुकटच्या कामात माणूस जितका निर्दय होतो तितका पगारी कामात होत नाही.

आमचा जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. जिल्हा झाला की कलेक्टर येतो, एस.पी. येतो, जिल्हा परिषद येते आणि त्यांच्या मागोमाग जिल्ह्याचे असे एक साहित्यही येते. साहित्य आले की परीक्षक लागतो. मी तेव्हा नुकताच कॉलेजात मराठी शिकवायला लागलो होतो, मला चष्मा होता आणि रविवारी मला दुसरे काही काम नसे. एवढ्या भांडवलावर एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत माझा दीड कॉलम सुरू झाला, आणि पुढे कितीतरी वर्षे तो बंद करण्याचे कुणाला सुचले नाही.

पुस्तकाचे परीक्षण लिहायला पुस्तक वाचावे लागते, अशी एक भोळी समजूत वाचकांत आहे. तसे काही नसते. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावनेचे पहिले पान, मधले हाताला लागेल ते एक पान आणि शेवटचे पान, एवढ्यावर दीड कॉलम आरामात भरतो. मधल्या पानावर दोन शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर पावणेदोन भरतो. या पद्धतीने मी जिल्ह्यातले कवी, कथाकार आणि दोन नाटककार तपासले. लोक म्हणत, सरांची लेखणी म्हणजे वस्तरा. मला ते खरे वाटे. वस्तरा कोण वापरतो आणि कशासाठी वापरतो, हे मी कधी मनात आणले नाही.

या सगळ्याचा सायकलशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. मीही तेच म्हणत होतो.

आमचे चिरंजीव पुण्यात असतात. गावाकडून आलेल्या बापाला काय दाखवावे हा पुण्यातल्या मुलांपुढचा मोठाच प्रश्न असतो. शनिवारवाडा दाखवून झाला होता. सारसबाग झाली होती. उरलो होतो तेव्हा त्याने मला कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकलींच्या संग्रहालयात नेले. हे संग्रहालय 2017 साली सुरू झाले. जुन्या सायकली तिथे अशा झळकत उभ्या असतात की आपणच जुने आहोत आणि त्या नव्या, असे वाटावे. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उड्या टाकणाऱ्या ब्रिटिश सैनिकांसाठी बीएसए कंपनीने घडीची सायकल केली होती. ती मी तिथे अर्धा तास पाहत उभा राहिलो. तो सैनिक सायकल घेऊन आभाळातून उतरायचा. मला लहानपणी सायकलवरून नुसते जमिनीवर उतरायचे तरी बाभळीचे झाड लागायचे.

परतीच्या गाडीत मी ठरवले की जुनी सायकल घ्यायची आणि आपल्या हाताने दुरुस्त करायची. अडुसष्टाव्या वर्षी माणसाने काय करावे याचे शास्त्र आहे. तीर्थयात्रा करावी, नातवंडे खेळवावीत, रक्तातली साखर मोजावी. सौ. म्हणाली, ''अहो, घरातला नळ तीन महिने गळतोय, तो होईना तुमच्याच्यानं. सायकल कशी करणार?''

''नळ अँटिक नाही,'' मी म्हणालो.

''होईल आता,'' ती म्हणाली.

जालन्यात जुनी सायकल शोधायला लांब जावे लागत नाही. एके काळी लोक 'जालना सोने का पालना' म्हणत. आता अर्धे गाव बियाणे विकते आणि अर्धे गाव लोखंडाच्या सळया. बियाण्यांचा हा धंदा 1964 साली इथे 'महिको' उभी राहिली तेव्हापासून वाढला. आणि सळया होतात त्या भंगारातून. कुठकुठले भंगार इथे येते, विजेच्या भट्टीत वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. त्यामुळे आमच्या गावात जुन्या वस्तूला जगायला फार थोडा वेळ असतो. इतर गावांत जुनी सायकल माळ्यावर, गोठ्यात, विहिरीजवळ वीस-वीस वर्षे पडून राहते. आमच्याकडे ती सोमवारी फाटकातून बाहेर पडली तर गुरुवारपर्यंत कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गेलेली असते.

स्टेशनकडच्या रस्त्याला एका भंगारवाल्याच्या काट्यावर मला ती दिसली. नुसती दिसली नाही, ती काट्यावरच होती. शेठनी वजन वाचले, ''वीस किलो, सातशे.'' पोऱ्याने वहीत लिहिले. मी म्हणालो, ''थांबा. ही सायकल मला हवी आहे.''

शेठनी माझ्याकडे पाहिले, मग सायकलकडे पाहिले, आणि त्यांचा आवाज एकदम आदराने भरून आला.

''सर, ही इंग्लंडची हाय. अँटिक पीस.''

''कशावरून?''

''वजनावरून.''

पाच मिनिटांपूर्वी ती वीस किलो सातशे ग्रॅम होती. मी हात लावताच ती इंग्लंडची झाली. त्यांनी पाच हजार सांगितले. मी सहाशे म्हणालो, कारण किलोच्या भावाने तेवढेच होत होते. असईची लढाई आमच्याच जिल्ह्यात झाली, 23 सप्टेंबर 1803 रोजी. वेलस्ली ती जिंकला, पण इतकी माणसे गमावून की विजय कुणाचा असा प्रश्न पडावा. मी साडेतीन हजारांना जिंकलो.

सायकल घेण्यापूर्वी मी ती तपासली नाही असे कुणी म्हणू नये. मी रंग पाहिला. घंटी वाजवली. सीटवर दोन थापा मारल्या. पुढच्या नळीवर पितळेचा बिल्ला होता, त्यावर बगळ्याचे डोके. म्हणजे नॉटिंगहॅमची रॅले. शेवटी मागचे मडगार्ड पाहिले. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि शेवटचे पान. माझ्या दृष्टीने वाचन पूर्ण झाले होते.

जुन्या जालन्यात आमच्या घराजवळ एक सायकलचे दुकान आहे. पूर्वी तिथे तासाच्या भाड्याने सायकली मिळत. आता मोटारसायकलींची पंक्चरे निघतात. दुकानात बसतात त्यांना सगळे गाव मिस्त्रीचाचा म्हणते. माझ्याहून ते आठ-दहा वर्षांनी मोठे. मी सायकल ढकलत नेली आणि मोठ्या थाटात म्हणालो, ''चाचा, रॅले!''

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, बिडी विझवली, आणि मग जे सुरू झाले ते मी जन्मात पाहिले नव्हते. एक माणूस एक वस्तू वाचत होता.

आधी त्यांनी हँडल धरून पुढचे चाक वीतभर उचलले आणि सोडले. कान लावला. खडखड झाली. ''ऊपर की कटोरी ढीली.'' मग पुढचा ब्रेक आवळून सायकल मागेपुढे हलवली. मग चाक उचलून फिरवले आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर लावून बसले. रिम कुठे जवळ येते, कुठे लांब जाते, म्हणजे किती आऊट आहे ते पाहायला. पायडलचा दांडा धरून आडवा हलवला. तारा मोजल्या. पुढे बत्तीस, मागे चाळीस. ''जुनी इंग्लिश गिनती,'' म्हणाले. मग खालच्या तिरप्या नळीच्या पोटाखालून, पुढच्या सांध्याजवळ, त्यांनी बोटांची टोके फिरवली. वैद्य नाडी पाहतो तशी. मी विचारले, काय पाहता? म्हणाले, ''सामने से ठोकर खाई रहती, तो इधर नळी में लहर आती. आँख को नै दिखती. उंगली को दिखती.''

मग सुतळी काढली. मागच्या चाकाच्या एका बाजूच्या खाचेपासून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून बांधली, आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर पट्टीने मोजले. दोन्हीकडे सारखे भरले. फ्रेम वाकडी असती तर एका बाजूला कमी भरले असते. मग सीटची दांडी हलवून पाहिली. ती गंजून नळीत बसली होती. यावर मात्र त्यांचा चेहरा पडला.

चाळीस मिनिटे लागली. चाळीस मिनिटांत मी दोन कादंबऱ्या आणि एक चारोळीसंग्रह संपवला असता. शेवटी ते बाकावर बसले, विझवलेली बिडी पुन्हा पेटवली आणि म्हणाले, ''मास्तरसाब, फ्रेम सच्ची है. बाकी सब मेहमान हैं.''

परीक्षण संपले. सात शब्द. त्यात काय चांगले, काय वाईट, काय मूळचे आणि काय नंतरचे, सगळे आले होते. मुखपृष्ठाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

त्यांनी अट घातली की सायकल मी खोलायची, ते फक्त सांगतील. नवशिक्याच्या अब्रूचे त्यानंतर जे झाले ते थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यात सांगण्यासारखेच आहे.

पहिल्या दिवशी मी डावे पायडल काढायला बसलो. पान्हा लावला आणि आयुष्यभर जसे नट उलट दिशेने फिरवून सोडवले तसे फिरवू लागलो. हलेना. रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेल टाकले. हलेना. शेजारच्या तरुण इंजिनिअरला बोलावले. आम्ही दोघांनी मिळून ते इतके घट्ट बसवले की बसवणाऱ्या कारखान्यालाही जमले नसते. चाचा आले, त्यांनी पान्हा दुसऱ्या दिशेला दाबला आणि पायडल आज्ञाधारकपणे बाहेर आले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात! दोन्हीचे सारखे असते तर चालवता चालवता डावे आपोआप सुटून आले असते. इंग्रजी सायकलींत पायडलच्या दांड्याखालची उजवी कटोरीही अशीच उलट सुटते. आमच्या कॉलेजातले डाव्या विचारांचे प्राध्यापक वीस वर्षे माझ्यासमोर बसत होते, तरी हे तत्त्व माझ्या लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवशी कॉटर. पायडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी ही बोटाएवढी खुंटी. ती ठोकून काढायची, पण ठोकताना दांड्याखाली पाइपाचा आधार द्यायचा असतो. मी आधार न देता ठोकली. खुंटी जागेवर राहिली, तिचे डोके तेवढे मशरूमसारखे पसरले. तिसऱ्या दिवशी छर्रे. कटोरी उघडताना खाली फडके पसरावे हे मला नंतर सांगण्यात आले. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा म्हणजे बावीस हवेत, असे चाचा म्हणाले. एकोणीस सापडले, दोन कपाटाखाली निघाले आणि बाविसावा सौ.ला ज्वारीच्या चाळणीत मिळाला. तिने तो ताटलीत ठेवून माझ्यापुढे आणला आणि विचारले, ''मूळचाच आहे का हो हा?''

काही गोष्टी मात्र मला जमल्या. चॉकलेटच्या चांदीचा बोळा पाण्यात बुडवून क्रोमवर घासला की गंज उतरतो. सीटची दांडी रोज थोडे डिझेल पाजून नवव्या दिवशी सुटली. आणि टायर! अठ्ठावीस इंची, दीड रुंदीचे. ज्या देशातून ही सायकल आली तिथल्या दुकानांतून हे माप केव्हाच मागे पडले, पण आपल्याकडे दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला आजही हेच लागते. चाचांच्या खिळ्यावर चार टांगलेले होते.

गंज उतरू लागला तसे मेहमान दिसू लागले. बिल्ला रॅलेचा, पण चेनच्या मोठ्या चाकात बीएसएची अक्षरे कापलेली. म्हणजे आधी बंदुका आणि मग सायकली करणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कंपनीचे चाक नॉटिंगहॅमच्या पोटात. मागचे मडगार्ड सोनिपतच्या ॲटलसचे. ही ॲटलस 1951 साली सुरू झाली, घरोघर पोचली, आणि तिचा शेवटचा कारखाना साहिबाबादला बंद पडला तो 2020 च्या 3 जूनला. त्या दिवशी जागतिक सायकलदिन होता. कॅरिअर लुधियानाच्या बाजूचे. पुढचा चिमटा कुणाचा ते चाचांनाही सांगता येईना, फक्त तो बसवताना कुणी तरी फार हाल सोसले असणार एवढे दिसत होते. कारण रॅलेने आपले आटे इंचाला सव्वीस ठेवले होते आणि बाकीच्या बहुतेक सायकलींचे चोवीस असत. थोर लेखकांचे असेच असते. त्यांच्या वाक्यात दुसऱ्याचा शब्द बसत नाही.

आणि इथे माझ्यातला मराठीचा प्राध्यापक जागा झाला. हे तर पाठचिकित्सेचे प्रकरण! मूळ संहिता एक आणि तीत शिरलेले प्रक्षेप अनेक. आमच्या शेजारी पैठणला एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. मधल्या तीनशे वर्षांत लोकांनी घुसडलेले पाठ काढून टाकले आणि यापुढे कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांतून चिकित्सक आवृत्ती तयार केली. 1919 साली काम सुरू झाले ते 1966 साली संपले. त्या परंपरेत तिसरे नाव माझे. मी जालन्यात रॅलेची चिकित्सक आवृत्ती काढणार होतो.

मी वही घेऊन यादी केली: काढून टाकावयाचे प्रक्षेप. एकूण अकरा निघाले. सातवा असा होता: 'आडव्या नळीवर पुढच्या बाजूस वेल्डिंगने चिकटवलेले दोन पत्र्याचे कान व खाली आडवी सळई. अत्यंत अडाणी काम. कापून, घासून टाकणे.'

यादी घेऊन चाचांकडे गेलो. चाचांनी सहा कलमे मान डोलवत ऐकली. सातव्याला म्हणाले, ''ये नै काटता मैं.''

''का?''

त्यांनी माझे बोट धरले आणि त्या पत्र्याच्या भोकात घातले. ''गोल है क्या?''

नव्हते. भोक लांबट झाले होते, डोळ्याच्या आकाराचे.

''बच्चे की सीट थी इसपे. बोल्ट हिलता, छेद लंबा होता. दो-चार दिन में नै होता ऐसा. बरसों बैठा है कोई.'' मग खालची सळई दाखवली. मधोमध ती घासून बारीक झाली होती. ''पाँव रखता था. पैले चप्पल नै थी, बाद में थी.'' हे त्यांना कशावरून कळले ते मी विचारले नाही. परीक्षकाला थोडी मुभा असावी.

मी दुकानाच्या बाकावर बसलो. एकदम एक सकाळ आठवली, 1987 सालची.

अंबड तालुक्यातल्या एका खेड्यावरचे प्राथमिक शिक्षक माझ्याकडे आले होते. सायकलवर. पुढच्या नळीवर लहान सीट आणि तीत चार-पाच वर्षांचा मुलगा. त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पुस्तकाच्या दोन प्रती कॅरिअरला वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या होत्या. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी. मी चहा दिला. मुलाला बिस्कीट दिले. ''सर, चार शब्द लिवा,'' ते म्हणाले. मी चौदा ओळी लिहिल्या. मधले एक पान उघडून त्यावरच्या शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या, दुष्काळ पाण्याचा होता की व्याकरणाचा असा प्रश्न विचारला, आणि शेवटची ओळ टाकली: 'मुखपृष्ठ बरे आहे.' त्या ओळीवर गावात आठवडाभर हशा झाला. मला दोन चहा मिळाले. त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही.

त्या रात्री मी माळ्यावरून ते पुस्तक काढले. नातवाच्या चित्रांच्या वह्यांखाली होते. उघडले तर मधली पाने कडेला अजून जोडलेली. छापखान्याने कापायची राहिली होती आणि छत्तीस-सदतीस वर्षांत मी ती फाडली नव्हती. मी घरातल्या सुरीने ती कापली आणि पहाटेपर्यंत पुस्तक वाचले. चुका होत्या, पुष्कळ होत्या. आणि एका पानावर शाळेत सुकडी वाटतानाची हकीगत होती. एक मुलगा आपला वाटा न खाता टोपीत घेऊन पळत सुटतो. गुरुजी ओरडतात. मुलगा थांबत नाही, कारण त्याची आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत असते आणि तिची सुट्टी संपत आलेली असते. ते पान शुद्ध मराठीत लिहिले असते तर बिघडले असते. ते पान मी कापले नव्हते, म्हणून माझ्या चौदा ओळी जमल्या.

आता समीक्षक म्हणून माझे मत देतो. पस्तीस वर्षांत प्रथमच वाचून देतो आहे.

जुनी वस्तू मूळच्यासारखी करावी, या हट्टात एक खोट आहे. एकनाथांनी प्रक्षेप काढले ते बरोबरच होते, कारण तिथे मूळ बोलणारा एक होता आणि लोक त्याच्या तोंडी आपले शब्द घालत होते. सायकलीचे तसे नसते. रॅलेवाल्यांनी जे लिहिले ती पहिली ओळ. पुढची वाक्ये तिच्यावर बसलेल्यांनी लिहिली. ज्याच्या चाकाचे दाते झिजले त्याने बीएसएचे मिळाले ते बसवले, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जायचे होते. ज्याला पोर नेण्यासाठी रिक्षा परवडत नव्हती त्याने वेल्डिंगवाल्याकडून कान लावून घेतले. ही भेसळ नव्हे. पुस्तक फेकून देणे ज्याला परवडत नाही, तोच फाटक्या पानाला खळ लावतो.

हल्ली हॉटेलांच्या भिंतीवर जुन्या सायकली टांगतात, कॅरिअरवर कुंडी ठेवतात. ते पाहून मला त्या हॉटेलात चहा गोड लागत नाही. संग्रहालयात सायकल उभी असते ती तिची हकीगत सांगायला. भिंतीवरची नुसती टांगलेली असते. चाक फिरत नाही, घंटी वाजत नाही, आणि वाजली तर वेटर येतो. भट्टीत गेलेली सायकल निदान सळई होऊन कुणाचे तरी घर तोलून धरते.

नवशिक्यांना सांगणे एवढेच: रंग पाहू नका, बिल्ला पाहू नका. नळीखालून बोट फिरवा, सुतळी लावा, सीटची दांडी हलते का पाहा. फ्रेम सच्ची असेल तर घ्या, मेहमान येतात-जातात. आणि डावे पायडल उलटे सुटते.

आम्ही यादीतली पाच कलमे अमलात आणली. जे मोडके होते ते बदलले, जे परके पण चालते होते ते ठेवले. कान ठेवले. चाचांनी काळा रंग दिला. सौ.ने एकदा घंटी वाजवून पाहिली आणि नळाची आठवण करून दिली.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी निघालो. गांधी चमनहून अंबडच्या रस्त्याला लागलो. खिशात मी लिहिलेले दुसरे परीक्षण होते, चार पाने, हाताने लिहिलेले. चढ आला की उतरत होतो, उतार आला की देवाचे नाव घेत होतो. कापसाचे टेम्पो मला ओलांडून जाताना हॉर्न देत होते, ते कौतुकाने की वैतागाने, हे मी तपासले नाही. तीन तासांनी त्या खेड्यात पोचलो. घर विचारावे लागले नाही; पारावरच बसले होते. केस पांढरे, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले. मी नाव सांगितले.

''या, सर,'' ते म्हणाले. बस, एवढेच.

मी बोलू लागलो. मला जे म्हणायचे होते ते सगळे उलट्या आट्याचे निघाले. जितके फिरवावे तितके घट्ट बसत होते. शेवटी मी कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी घडी न उघडता तो खिशात ठेवला.

''निवांत वाचतो. न वाचता काय बोलावं, न्हाई का?''

मग त्यांची नजर सायकलकडे गेली. ते उठले. हँडल धरून त्यांनी पुढचे चाक वीतभर उचलले आणि सोडले. कान लावला. चाक फिरवले. उकिडवे बसून सगळी सायकल पाहिली, सावकाश. नळीवरच्या त्या कानांपाशी थांबले आणि भोकात अंगठा घालून तो थोडा वेळ तसाच ठेवला.

''लेकरू बसायचं यावर,'' म्हणाले.

''तुमचा मुलगा कुठे असतो आता?''

''वाळूजला. कंपनीत. त्याला म्या म्हणलं, सायकल ठिवू का, तर म्हणला विका.''

''ही ती नाही,'' मी घाईने म्हणालो.

''न्हाई, न्हाई. आमची हर्क्युलस व्हती.'' त्यांनी चेनखाली बोट घालून ती वर उचलली. ''चेन ढिली हाय. पान्हा हाय का?''

पान्हा माझ्याकडे होता. त्यांनी मागचे नट सैल केले, चाक मागे ओढले, सरळ केले, आवळले. हात धोतराला पुसत उभे राहिले, दोन पावले मागे झाले आणि एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले.

''रंग बरा दिलाय,'' म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यांना ती चौदावी ओळ आठवत होती की नाही, हे त्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आले नाही. एकाच पानावरून मत बनवायची सवय मी नुकतीच सोडली होती, म्हणून मीही काही बोललो नाही. आम्ही चहा घेतला. मला त्यांनी बिस्कीटही दिले.

परत येताना वारा समोरून होता. तीनऐवजी चार तास लागले. पण चेन एकदाही उतरली नाही.